चैत्रातली माउली

चैत्राचा शुद्ध पक्ष चढू लागला की झरपटेच्या काठी माणसांचा पूर लोटतो. नांदेड-परभणीकडची, पलीकडे तेलंगणातली कुटुंबेच्या कुटुंबे चंद्रपुरात उतरतात, नदीत बुडी मारून ओल्या अंगाने महाकालीपुढे उभी राहतात, आणि वर्षभर उरात साठवलेले सगळे त्या मायेच्या पायांशी ओतून हलक्या मनाने परततात. गोंड राणी हिराईच्या नावाशी जोडलेल्या या देवळाने किती पिढ्यांचे नवस ऐकले असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. त्याच दिवसांत बल्लारपूर-चंद्रपूरच्या चर्चमध्ये चाळीस दिवसांचा उपवासकाळ सरत येतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो ईस्टरचा, अशी या सणाची जुनी गणना आहे, म्हणून बहुतेक वर्षी त्याला चैत्राचाच चंद्र लाभतो. यंदा तर २ एप्रिलला चैत्र पौर्णिमा आणि पवित्र गुरुवार एकाच दिवशी आले आहेत, ३ तारखेला उत्तम शुक्रवार आहे आणि ५ तारखेला ईस्टर.

या दोन सोहळ्यांच्या जोडीला चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत याच दिवसांत आणखी एक सोहळा चाललेला असतो. त्याला पताका नाहीत आणि घंटाही नाहीत. रात्रभर मोह टपटपत राहतो आणि उजाडण्याआधी बाया टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. लेकराला घरी सांभाळणारे कोणी नसेल तर जुन्या लुगड्याची झोळी खालच्या फांदीला बांधली जाते, एका हाताने झोळीला झोका आणि दुसऱ्या हाताने फुले वेचणे चालू राहते. ऊन चढायच्या आत टोपली भरली पाहिजे, कारण या फुलांवर घरचे मीठ-मिरची आणि पोरांची वह्या-पुस्तके अवलंबून असतात. देवळातली माय, चर्चमधली प्रार्थना आणि मोहाखालची आई या तिन्हींना एका चंद्राखाली आणणारा हा आठवडा आहे. ईश्वराच्या प्रेमाला आईचे रूप असते असे आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो, त्या मानण्याने आपल्यावर काय जबाबदारी टाकली आहे, याचा विचार करायला याहून योग्य वेळ कुठली?

ख्रिस्ती श्रद्धा म्हटली की ‘आकाशातील पित्या’ ही हाक आपल्या कानी येते. ती खरी आहेच. पण त्या श्रद्धेच्या ग्रंथातून आईचा आवाजही पहिल्यापासून वाहतो आहे, आणि पवित्र गुरुवारी तो सर्वांत जवळून ऐकू येतो. त्या रात्री येशूने कमरेला पंचा बांधला, घंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे मळलेले पाय धुऊन पुसले. मग भाकर मोडून, हे माझे शरीर आहे, घ्या, असे तो म्हणाला. स्वतःच्या देहातून दुसऱ्याला जगवणे ही तर आईचीच रीत. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच रात्रीच्या बोलण्यात येशू बाळंतिणीची आठवण काढतो. वेणा सुरू झाल्या की बाई कष्टी होते, पण मूल जन्मले की त्या आनंदात यातना विसरते, असे तो शिष्यांना समजावतो. दुसऱ्या दिवशी ज्याला खिळे ठोकले जाणार होते, त्याने आपल्या मरणाची उपमा रणांगणावरून घेतली नाही, ती बाळंतिणीच्या खोलीतून घेतली. त्या अर्थाने पाहिले तर क्रूसावरच्या यातना प्रसूतीच्या ठरतात आणि ईस्टरची पहाट जन्माची.

त्याच्याही शेकडो वर्षे आधी यशया संदेष्ट्याने देवाच्या वतीने लोकांना विचारले होते की अंगावर पिणाऱ्या लेकराला आई विसरेल काय, आणि एखादी विसरली तरी मी विसरणार नाही, असे वचनही दिले होते. होशेय संदेष्ट्याचा देव एफ्राइमला हाताला धरून पहिली पावले टाकायला शिकवतो, वाकून घास भरवतो. यरुशलेमकडे पाहताना येशूचा जीव कळवळला तेव्हा त्याने पिल्लांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची आठवण काढली. हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई त्याच्या दृष्टान्तात देवाच्या जागी येते. आणि ही माया नेहमी मवाळच असते असेही नाही. होशेयाच्याच ग्रंथात देवाचा संताप पिल्ले हिरावलेल्या अस्वलीचा आहे. मोहाच्या दिवसांत पिल्लांसह झाडाखाली आलेली अस्वल ज्याने दुरून पाहिली आहे, त्या आपल्या भागातल्या माणसाला या ओळीचे विवरण करून सांगावे लागत नाही. लेकरांवर घाला पडला की माय उसळते. जिथे अशी उसळ नाही तिथे प्रेमही नसते, एवढेच ते वचन सांगते.

चर्चच्या इतिहासात हा धागा कधी ठळक झाला, कधी झाकला गेला, पण तुटला नाही. पूर्वेकडच्या सुरियानी परंपरेतला चौथ्या शतकातला लेखक अफ्राहात पवित्र आत्म्याला आईच्या नात्याने पाहतो. हे नाव आपल्याला वाटते तितके दूरचे नाही. १९६२ मध्ये केरळबाहेर चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, सिरो-मलबार चर्चचे मिशनक्षेत्र आखले गेले, कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंनी ते उभारले आणि १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. बल्लारपूरला ज्याचे मुख्य ठाणे आहे त्या धर्मप्रांताची उपासना याच पूर्व-सुरियानी झऱ्यातून आलेली आहे. पश्चिमेत बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर कँटरबरीचा आन्सेल्म येशूला आई म्हणून आळवतो. प्लेगच्या साथी पाहिलेल्या नॉर्विच शहरात ज्युलियन नावाची एकांतवासी साध्वी होऊन गेली. मे १३७३ मध्ये मरणाच्या दारात असताना तिला दर्शने झाली, त्यांवर तिने आयुष्यभर चिंतन केले, आणि ख्रिस्त ही आपली खरी आई, ती आपल्याला स्वतःच भरवते, या निष्कर्षाला ती पोचली. अवघे ३३ दिवस पोपपद लाभलेले पहिले जॉन पॉल यांनी १० सप्टेंबर १९७८ रोजी यशयाच्या त्याच वचनाचा आधार घेतला आणि देव पिता आहे, त्याहून अधिक तो आई आहे, असे रोममध्ये जमलेल्या भाविकांना सांगितले.

मराठी मनाला मात्र हे रोमहून शिकावे लागले नाही. विठ्ठलाला विठाई करणारी आणि ज्ञानेश्वरांना माउली म्हणणारी ही भूमी. कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, म्हणजे आज आपल्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडे लागणाऱ्या मुलखाकडे. त्या आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत आणि येताना माउलीही सोबत घेऊन आले. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे, आणि सर्वांहून अधिक तो आई आहे. त्यांनी गायिलेली माया घरात जगून दाखवली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. धर्मांतराने दुरावलेला संसार त्यांनी पाच वर्षांनी स्वतःच्या विचाराने पुन्हा जोडला, सोवळ्या-ओवळ्याच्या भिंती एक एक करून मनातून काढल्या आणि परक्यांची मुले पदराखाली घेतली. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले आणि त्यांच्या लहरी या माउलीनेच सांभाळल्या. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेणाऱ्याही त्याच.

या आठवड्यात आणखी एका माउलीचे स्मरण आपल्यावर कर्ज म्हणून आहे. यंदाचा ईस्टर ज्या दिवशी आहे तो ५ एप्रिल पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली त्या गेल्या. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी आईच्या तोंडून संस्कृत शिकली आणि दुष्काळात आई-वडिलांचा उपासमारीने झालेला मृत्यू तिने डोळ्यांनी पाहिला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा आपला चांदा जिल्हाही त्याच प्रांतात होता. प्रांताच्या उत्तरेकडच्या मुलखातून दुष्काळपीडित मुलींचे हाल कानी येताच रमाबाई पुण्याहून निघाल्या. हाडांचे सापळे झालेल्या, रस्त्याकडेला टाकलेल्या, माणसांच्या लांडगेपणाला बळी पडू शकतील अशा मुली त्यांनी वेचून वेचून गोळा केल्या. तो आकडा तीनशेच्या घरात गेला. केडगावच्या माळावर त्यांनी ‘मुक्ती’ उभारली ती याच मुलींसाठी.

तिथे रोज काय चालले असेल याची कल्पना करावी म्हणजे आईपण कशाला म्हणतात ते कळते. उवांनी भरलेली डोकी धुणे, खरजेला औषध लावणे, अन्न पाहताच झडप घालणाऱ्या पोरींना थोडे थोडे भरवणे, रात्री दचकून उठणाऱ्यांजवळ बसणे. आणि एवढ्यावर न थांबता त्यांना अक्षर शिकवणे, विणकाम, शेतकाम, छापखान्याचे काम हाती देणे. अंध मुलींसाठी तिथे वेगळी शाळा होती, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. हिब्रू आणि ग्रीक मुळावरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच मुलींच्या हातांनी जुळवले गेले आणि रमाबाईंच्या मागे १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भुकेने अनाथ केलेल्या मुलीने शेकडो भुकेल्यांची आई व्हावे, आणि पोटच्या मुलीच्या, मनोरमेच्या, मृत्यूचे दुःख पचवूनही अखेरच्या दिवसापर्यंत काम खाली ठेवू नये, यापुढे पुनरुत्थानावर वेगळे प्रवचन कशाला हवे?

आपल्या रानातल्या लोकांपाशीही अशीच एक स्मृती आहे. कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या कोया वंशाच्या लेकरांची कथा गोंडी परंपरा सांगते. जंगो रायताडने त्या अनाथांना आई होऊन सांभाळले, पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला, आणि दारावरची शिळा हटवताना हिरासुका पाटालीर तिच्याखाली गेला पण लेकरे उजेडात आली, असे म्हातारे सांगतात. ईस्टरच्या कथेतही शिळा आहे, ती बाजूला सारली गेलेली आहे, आणि तिथे पहाटेच पोचलेल्या आहेत त्या बायका. मग्दालीया मरीया आणि तिच्या सोबतिणी सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या होत्या त्या चमत्कार पाहायला नव्हे, एका मृतदेहाची शेवटची सेवा राहून गेली होती ती करायला. ज्या बायका पहाटेच काळजी घेण्यासाठी घराबाहेर पडल्या, त्यांनाच पुनरुत्थानाची पहिली वार्ता कळली. या दोन कथांना एका मापात बसवण्याची गरज नाही. दोन्ही आपापल्या लोकांना इतकेच सांगतात की जीव जगवण्याच्या कामी जो उभा राहतो, त्याच्या बाजूने ईश्वर उभा असतो.

इथे आपण जरा थांबून स्वतःकडे पाहायला हवे. आईचे गोडवे गाणे सोपे आहे, आईचे दुखणे ऐकणे अवघड. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, आणि राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे मांडले ते वाचून जग हादरले. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी त्यासाठीची तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. ज्या गावागावांत मातामायचे ठाणे आहे, तिथल्या माता मुकाट्याने सोसत होत्या. सोसणे हाच आईचा धर्म, असे आपण म्हणत आलो. ईश्वराला आई म्हणताना आपण त्या सोसण्याला देवत्व चिकटवत असू तर ते पाप आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या एका बाईची हकिकत आहे. वैद्यांपायी तिची पुंजी संपली होती, आणि तेव्हाच्या विटाळाच्या नियमांनी तिला माणसांतून उठवले होते. गर्दीत मागून येऊन तिने येशूच्या वस्त्राला हात लावला. तो थांबला, तिला शोधले, आणि सगळ्यांदेखत ‘मुली’ म्हणून हाक मारून तिला निर्धास्त केले. गडचिरोलीच्या माडिया पाड्यांवर आजही मासिक पाळीचे दिवस बायका कुर्माघरात काढतात. पावसाळ्यात गळते छप्पर, ओली जमीन, रात्री सापा-विंचवाची भीती. परंपरेचा मान राखूनही आपण एवढे म्हणू शकतो की त्या घराला पक्के छप्पर, दिवा, पाणी आणि संडास हवे, आणि त्या घरात जायचे की नाही हे ज्या मुलीला जायचे तिने ठरवावे. त्या बाईला मुलगी म्हणणारा जर आपला देव असेल, तर यावर दुमत असायचे कारण नाही.

आशेलाही जागा आहे, आणि ती याच मातीत उगवली आहे. गडचिरोलीच्या खेड्यांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या नवजात बाळाला कापडाच्या झोळीत ठेवून काट्यावर तोलतात, उबदार पिशवीत गुंडाळतात, आणि पुरता एक मिनिट त्याच्या छातीवर नजर ठेवून श्वास मोजतात. साठ किंवा त्याहून जास्त भरले की धोका ओळखून उपचाराला लागतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या पद्धतीने ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताईंनी हेच काम हाती घेतले. बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी, आणि बाळंतपण घरी झाले असेल तर सात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि खाटेवरून न्यावे लागणारे बाळंतपण वाटेतच अडकते. म्हणून दिवस भरत आलेल्या गर्भवतीला आधीच आरोग्य केंद्राशेजारी आणून ठेवणारे माहेरघर सरकारने काढले. एक मिनिट न हलता दुसऱ्याच्या लेकराचे श्वास मोजणारी ती बाई कोणत्या देवाला मानते हे आपण विचारू नये. यशयाने सांगितलेली न विसरणारी आई तिच्या रूपाने त्या झोपडीत आलेली असते.

म्हणून या पौर्णिमेला आणि या ईस्टरला आपण श्रद्धेचा हिशेब कामाच्या भाषेत मांडू. देवीची ओटी भरणाऱ्यांनी गावच्या माहेरघरात जाऊन यावे, तिथे खाट, जेवण आणि सोबतीच्या बाईची सोय आहे का ते विचारावे. मिस्सेला जाणाऱ्या कुटुंबांनी आपल्या पॅरिशच्या हद्दीत कोणती आशाताई काम करते तिचे नाव माहीत करून घ्यावे आणि नदी-नाल्याच्या वाटेने जाताना ती एकटी पडणार नाही इतके पाहावे. मोहाच्या नि पुढे तेंदूच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात बळी पडणाऱ्यांत लेकुरवाळ्या बायाही असतात. वन विभागाने ज्या भागात वाघाचा वावर आहे तिथली सूचना आदल्या संध्याकाळीच गावात पोचवावी, आणि गावानेही कोणाला एकटीने रानात जाऊ देऊ नये. फांदीला बांधलेल्या झोळ्या तिथून उतरवून या दिवसांत पहाटेपासून उघडणाऱ्या पाळणाघरात आणता आल्या, तर ग्रामपंचायतीने केलेली तीच मोठी पूजा ठरेल.

महाकालीच्या भक्तांना पौर्णिमेच्या आणि ख्रिस्ती बांधवांना पुनरुत्थानाच्या सणाच्या मनापासून शुभेच्छा. ज्या मायेने आपल्याला जगवले तिचे ऋण देवळात किंवा चर्चमध्ये फिटत नाही. आपल्या पाड्यावर, आपल्या वॉर्डात, आज ज्या घरी बाळंतीण आहे त्या घरी ते फेडायचे असते, आणि या आठवड्यात आपण प्रत्येकाने निदान अशा एका घराची चौकशी करावी, एवढीच विनंती.